सात पात्यांचं कुलूप

ज्या दुकानात दिवसाला वीस-पंचवीस कुलपं उघडली जातात, त्या दुकानामागच्या घरातली माणसं स्वतःच्या सामानाला कुलूप लावायला बसली की काय घडतं, हे पाहायचं असेल तर सहलीच्या आदल्या दिवशी टाचणीच्या घरात डोकवायला हवं होतं.

टाचणी हे तिचं खरं नाव नव्हे. अंगाने बारीक, बोलायला टोकदार, आणि वर्गात कुणाचं काही चुकलं की नेमकं तिथेच टोचायची सवय, म्हणून वर्गाने ठेवलेलं हे नाव. ते घरापर्यंत आलं आणि घरानेही हौसेने वापरायला घेतलं. वय दहा. मागच्या वर्षी सहलीच्या दोन दिवस आधी गालगुंड झालं आणि दोन्ही गाल फुगवून ती खिडकीतून शाळेची बस जाताना बघत बसली होती. त्यामुळे या वर्षीच्या सहलीकडे ती डोळे लावून बसली होती म्हणणं कमीच, तिने वर्षभर दुसरीकडे पाहिलंच नव्हतं. तीन दिवस, दोन मुक्काम. डोंगराच्या पोटात एक वसतिगृह होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे तिथून निघायचं आणि शिखरावर चढायचं. शिखरावर एक घंटा होती. वर पोहोचणाऱ्या प्रत्येकाने ती एकदा वाजवायची आणि खाली खोऱ्यात तो आवाज उतरत जाताना ऐकायचा. मागच्या वर्षी वाजवून आलेल्यांनी त्या घंटेची गोष्ट इतक्या वेळा सांगितली होती की टाचणीला ती स्वप्नात ऐकू यायची.

तिचे बाबा कुलूपवाले. दुकान एवढंसं, गिऱ्हाईक आत आलं की बाबांना उभं राहावं लागायचं. भिंतीभर खिळे आणि खिळ्यांवर कोऱ्या किल्ल्या, दात न पाडलेल्या. दाराशी साखळीला एक कुलूप लटकत असायचं, मूठभर आकाराचं, पितळी, बाबांनी हाताने घडवलेलं. आत सात पात्या. किल्ली फिरली की तिची प्रत्येक पायरी एकेक पाती उचलते, आणि सातही पात्या आपापल्या नेमक्या उंचीवर आल्या तरच कुलूप सुटतं. एक जरी केसभर वर किंवा खाली राहिली तरी ते ढिम्म हलत नाही. कुलपाखाली पाटी होती: किल्लीशिवाय उघडून दाखवा. दोन वर्षांत गावोगावच्या कारागिरांनी हात टेकले होते. एकजण तर दुपारभर झटून इतका वैतागला की जाताना चष्मा विसरून गेला आणि मानापायी न्यायलाही आला नाही. त्या कुलपाला किल्ली एकच. मोजमाप कुठे लिहिलेलं नाही, नजरेच्या अंदाजाने कानस चालवून बाबांनी ती घडवली होती. एक कुलूप, एक किल्ली, दुसरी काढायची नाही, हा त्यांचा बाणा.

त्या घराचे आणखी दोन नियम होते. कुणी कुलूप उघडून मागायला आलं की बाबा आधी हातातलं काम खाली ठेवत आणि विचारत, मालक कोण? एकदा नाही, तीनदा. पहिल्यांदा विचारलं की माणूस सवयीने बोलतो, दुसऱ्यांदा जरा चिडून, आणि तिसऱ्यांदा त्याला खरंखोटं सांगावंच लागतं, असं त्यांचं म्हणणं. तिसऱ्या उत्तराला माणूस अडखळला तर बाबा हात जोडून त्याला वाटेला लावत. उत्तर ठाम आलं तरच डोळे मिटून देवाचं नाव घ्यायचे आणि कुलपाला हात घालायचे. दुसरा नियम टाचणीसाठी होता: सोळा वर्षांची होईपर्यंत बंद कुलपाला हात लावायचा नाही. कानस धरायला ती पाचव्या वर्षी शिकली होती, किल्ल्या घासून द्यायची, तेल घालायची, बाबांच्या शेजारी बसून सगळं बघायची. पण उघडायचं म्हटलं की बाबा मान हलवत. हे काम हाताचं कमी आणि मनाचं जास्त आहे, मन पिकायला वेळ लागतो, असं ते सांगत.

तर आदला दिवस. बाकी पोरं पाठीवरच्या पिशव्या घेऊन येणार होती, चेन लावलेल्या. बाबांना चेन मुळीच पटत नसे. चेन हा काही बंदोबस्त नव्हे, ती चोराला केलेली विनंती आहे, असं म्हणत त्यांनी माळ्यावरून आजोबांची हत्यारांची पेटी खाली काढली. जाड पत्र्याची, रिव्हेट ठोकलेली, रिकामी असतानाच दोघांनी उचलायची. आईने विचारलं की पोरगी डोंगर चढायला चालली आहे की तोफखान्यात भरती व्हायला. बाबा हसले, पण पेटी पुसत राहिले. आत चढाईचे बूट गेले, जाड कोट गेला, लोकरीची टोपी, कपडे, आईने केलेल्या खारवलेल्या शेंगदाण्यांचा डबा गेला. मग बाबा दाराशी गेले, साखळी सोडली, आणि दोन वर्षं जागेवरून न हललेलं ते पितळी कुलूप घेऊन आत आले.   दुकानाची शान लेकीच्या कपड्यांवर राखण बसवायला काढली होती. 

मग किल्लीचा प्रश्न आला. आई म्हणाली गळ्यात घालू. दोरा तुटला तर, बाबांनी विचारलं. खिशात? खिसा फाटला तर. वर्गाच्या बाईंकडे? बाईंच्या पर्समधून पेनं हरवतात, हे टाचणीनेच सांगितलं.

"सगळ्यात सुरक्षित जागी ठेव," बाबा शेवटी म्हणाले आणि कुलपात तेलाचा थेंब सोडायला वळले.

टाचणीने विचार केला. सगळ्यात सुरक्षित जागा कुठली? गेला तासभर बाबा हेच तर सांगत होते की या पेटीला हत्तीनेही हात लावू नये. आज्ञाधारक लेकरू. तिने किल्ली रुमालात गुंडाळली, रुमाल डाव्या बुटात कोंबला, बुटावर कोट पसरला, झाकण लावलं. बाबांनी देवाचं नाव घेऊन कोयंड्यात कुलूप अडकवलं आणि दाबलं. कट्ट. दाबलं की आपोआप बसणारं कुलूप ते. तिघांनी एकमेकांकडे समाधानाने पाहिलं.

देवही वरून बघत असेल आणि तोंडावर हात धरून हसत असेल.

बस सुटली तेव्हा आई हात हलवत होती आणि बाबा पेटी नीट ठेवली आहे ना हे वाकून वाकून बघत होते. प्रवास सहा तासांचा. तीन तास गाणी, भेंड्या आणि उलट्या यांत गेले. चौथ्या तासाला भोंगा तिच्या बाकाशी आला. भोंगा म्हणजे वर्गातला सगळ्यात मोठा आवाज. त्याने कुजबुजून सांगितलेली गुपितं मुख्याध्यापकांच्या खोलीत ऐकू जात. त्याने पेटीवर बोटं वाजवली आणि यात आजोबांना भरून आणलंय का असं विचारलं. बस हसली. टाचणीने मान ताठ करून कुलपाची कहाणी सांगितली: सात पात्या, दोन वर्षं, विसरलेला चष्मा. पोरं गप्प होऊन ऐकत होती. तिला फार बरं वाटलं.

"आणि किल्ली कुठाय?" भोंग्याने विचारलं.

सांगायला तिने तोंड उघडलं, आणि ते उघडंच राहिलं.

पुढचे दोन तास टाचणी खिडकीकडे तोंड करून बसली. बाकावरच्या तिच्या मैत्रिणीला, जिला सगळे ढब्बू म्हणत, तिने कानात सांगितलं. ढब्बूने ओठ घट्ट मिटून पाच मिनिटं धीर धरला, मग तिला हसू फुटलं, मग टाचणीला रडू फुटलं, आणि मग ढब्बूही तिच्याबरोबर रडली.

वसतिगृहात पोहोचले तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. लांबट दगडी इमारत, आत लोखंडी खाटांच्या दोन रांगा, मधोमध लांब टेबल, भिंतीला कोट अडकवायच्या खुंट्या. तिथले राखणदार काका पांढऱ्या मिशांचे, कमरेला हातोडी लावलेले. वाटाड्याही तेच. त्यांनी सगळ्यांना रांगेत उभं करून दुसऱ्या दिवशीची शिस्त सांगितली. पाच वाजता निघायचं. वरच्या धारेवर बर्फ आहे. ज्याच्या पायात चढाईचे बूट आणि अंगावर जाड कोट नाही, तो इथेच थांबेल आणि स्वयंपाकघरात बटाटे सोलेल. याला अपवाद नाही, मागे एकदा अपवाद केला आणि एका पोराच्या पायाचं बोट गेलं. बोलता बोलता त्यांची नजर टाचणीच्या पायांकडे गेली. पायात घरातून निघताना घातलेल्या पातळ चपला होत्या.

मग सगळं बाहेर आलंच. बाईंनी डोक्याला हात लावला. एवढ्या पोरांत जादा बूट कुणाकडेच नव्हते, आणि बाईंचे स्वतःचे बूट टाचणीला होडीसारखे झाले. काका म्हणाले त्यात काय, आत्ता फोडतो. त्यांनी हातोडी काढली आणि कुलपावर दोन घाव घातले. दुसऱ्या घावाला हातोडीचा दांडा मोडला. कुलपावर एक ओरखडा उठला, बास. कोयंड्यात पहार अडकवून पाहिली, पहारच वाकली. काकांनी वाकून रिव्हेट पाहिले आणि कुणाच्यातरी कामाला दाद देताना माणूस देतो तसा हुंकार दिला. लोखंड कापायची करवत खालच्या गावातल्या गॅरेजात मिळेल, म्हणाले, पण ते उघडतं सकाळी दहाला.

पाच कुठे आणि दहा कुठे.

"कुलूपवाल्याची पोरगी कुलपाबाहेर," भोंगा म्हणाला. एवढं साधं बोलला, पण दोन्ही रांगांतल्या खाटांपर्यंत पोहोचलं. हसू इकडून तिकडे गेलं. टाचणी पेटीवर बसून होती. तिला कुणालाही टोचावंसं वाटत नव्हतं.

बाईंनी ऑफिसातून दुकानात फोन लावला आणि रिसीव्हर तिच्या हातात दिला. तिने सांगितलं.  मग बाबा म्हणाले की चूक त्यांची, कुलूप दाबण्याआधी किल्ली बघायची असते हे ते तीस वर्षं लोकांना सांगत आलेत. एवढं मोठं बोलणारा माणूस, त्याचा आवाज इतका लहान झालेला तिने कधी ऐकला नव्हता. पुढच्या वर्षी पुन्हा जाशील, म्हणाले. शिखर काही पळून जात नाही. गेल्या वर्षी गाल फुगलेले असताना आईनेही अगदी हेच म्हटलं होतं.

टाचणी फोनची गुंडाळलेली वायर बोटाभोवती फिरवत होती. स्वतःपेक्षा तिला बाबांचं वाईट वाटलं. पेटी न उघडता परत गेली तर ते ती रोज बघतील आणि रोज स्वतःला बोल लावतील.

"बाबा," ती म्हणाली, "काजळी धरून बघू?"

ही त्यांच्या धंद्यातली जुनी रीत. किल्ली नसली की कोऱ्या किल्लीचं पातं दिव्यावर धरून काळं करायचं, कुलपात घालून हलकेच फिरवायचं आणि बाहेर काढायचं. जिथे कुलपातली पाती घासली तिथली काजळी निघून धातू चमकतो. चमकलं तिथे कानस, नाही तिथे हात नाही. मग पुन्हा काजळी, पुन्हा फिरवणं. बघायला सोपं, करायला जीव खाणारं, आणि एकदा जास्त घासलं गेलं की ते परत भरता येत नाही. टाचणीने बाबांना हे शंभर वेळा करताना पाहिलं होतं. स्वतः एकदाही केलं नव्हतं.

 सहा वर्षं बाकी होती सोळाला. ती नको ऐकायला तयार होऊन उभी राहिली.

"मालक कोण?" बाबांनी विचारलं.

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि ती सरळ उभी राहिली. "मी."

"मालक कोण?"

"मी. पेटी माझी, बूट माझे."

"मालक कोण?"

आजवर या प्रश्नाचं उत्तर देणारी माणसं तिने नेहमी गल्ल्याच्या अलीकडून पाहिली होती: घाबरलेली, चिडलेली, खोटं बोलणारी. स्वतः उत्तर देणं किती वेगळं असतं हे तिला आज समजलं. "मी आहे, बाबा," ती म्हणाली.

"मग उघड," बाबा म्हणाले. "जोर पुढे, मागे सोड. आणि घाई झाली की थांब."

ती ऑफिसातून बाहेर आली ती दुसरीच कुणीतरी होती. काकांकडे तिने तीन गोष्टी मागितल्या: कानस, मेणबत्ती, आणि एखादी जुनी जाड किल्ली. कानस होती, करवतीच्या दातांना धार लावायची बारीक. मेणबत्त्या होत्याच. आणि काकांनी एक पत्र्याचा डबा आणून टेबलावर उपडा केला. ज्यांची कुलपं कधीच हरवली, अशा किल्ल्यांचा ढीग. टाचणीने एकेक बोटांनी चाचपली, कुलपाच्या भोकाशी लावून बघितली. बहुतेक बारीक, काही फुटक्या. तळाशी एक सापडली, कुठल्याशा कोठाराची, जिचं पातं पूर्ण, रुंद आणि पायऱ्या न पडलेलं. भोकात ती जेमतेम शिरली. अशी ती एकच होती. दुसरी नाही, म्हणजे चूक करायची सोय नाही. बाईंनी जेवणाची घंटा आठला होईल असं सांगितलं. नंतर दिवे मालवायचे, कारण पहाटे उठायचं आहे. साडेतीन तास होते.

कानस चालवताना किल्ली हलू नये म्हणून ढब्बूला तिने काकांची पक्कड धरायला बसवलं. दोन्ही हातांनी, टेबलाच्या कडेला, जराही न हलता. मग डोळे मिटले, देवाचं नाव घेतलं, आणि किल्ली मेणबत्तीवर धरली.

पहिल्यांदा फिरवलं तेव्हा सातही जागा चमकल्या. हे ठीकच होतं, सुरुवातीला सगळ्याच पात्या अडतात. तिने कानस ठेवली. पुढे जोर, मागे सोड. कानस पुढे जातानाच कापते, मागे ओढताना दाबली तर तिचेच दात झिजतात. एवढं साधं असतं, पण हाताला पटायला वर्षं लागतात. तिच्या हाताला ते पाचव्या वर्षीच पटलं होतं. बाबा कानस चालवताना काहीतरी गुणगुणायचे. तिला गाणं आठवेना, म्हणून ती तेच शब्द लयीत म्हणू लागली, ओठातल्या ओठात: पुढे जोर, मागे सोड.

तासाभरात पोरं खेळून आत आली. आधी लांबून बघितलं, मग जवळून. कुणी विचारलं हे काळं कशाला, तर ढब्बूने मान न हलवता, पक्कड न हलवता, अगदी कारागिराच्या थाटात समजावलं. पाचाचे सहा वाजले. काजळी, फिरव, काढ, बघ. दोन पायऱ्या चमकायच्या थांबल्या. म्हणजे त्या पात्या आपापल्या उंचीवर आल्या. मग तिसरी थांबली, मग चौथी. आता प्रत्येक वेळी किल्ली बाहेर आली की सगळी डोकी वाकायची आणि कुणीतरी राहिलेल्या पायऱ्या मोजायचं. तीन. पुन्हा तीन. दोन.

भोंगा टेबलाच्या टोकाशी हाताची घडी घालून उभा होता. टाचणीचं पुटपुटणं त्याच्या कानावर पडत होतं, आणि ज्याच्या घशात एवढा मोठा आवाज ठेवला आहे त्याला लय ऐकून गप्प राहणं अवघड जातं. त्याने टेबलावर बोटांनी ठेका धरला. मग एका क्षणी, बहुधा त्यालाही न कळत, तोंडातून निघालं: "पुढे जोर..."

"मागे सोड," कुणीतरी म्हटलं.

आणि मग ते थांबेना. भोंग्याने ओळ टाकायची आणि खाटांवर, बाकांवर, खिडकीच्या कट्ट्यावर बसलेल्या सगळ्यांनी ती झेलायची. स्वयंपाकघरातून काका पळी घेऊन आले आणि दाराच्या चौकटीवर ताल देऊ लागले. बाई आधी ओरडायला उठल्या होत्या, पण त्यांचाच पाय ठेका धरून बसला. मन एका जागी लागलं की देऊळ बांधावं लागत नाही. त्या लांबट खोलीत चाळीस पोरं एका किल्लीसाठी एका सुरात म्हणत होती, आणि ज्यांनी तिला दुपारी हसून घेतलं होतं तीच सगळ्यात जोरात म्हणत होती.

पावणेआठला एकच पायरी उरली, तिसरी. किल्ली अर्धी फिरायची आणि अडायची. भोंगा म्हणाला झालंच, आता जोर लावून फिरव. आठ-दहा जणांनी त्याची री ओढली. टाचणीनेही बोटं घट्ट केली. घड्याळाकडे पाहिलं. आणि थांबली.

घाई झाली की थांब.

तिने किल्ली बाहेर काढली, हात धुवून येते म्हणाली आणि नळाखाली बोटं धरून उभी राहिली. पाणी बर्फासारखं. तिसरी पायरी आता इतकी खोल गेली होती की तिला भीती वाटत होती. आणखी घासावी तर जास्त व्हायची, आणि दुसरी किल्ली नाही. जोर लावला तर किल्ली आत मोडायची. काजळी म्हणत होती घास. भीती म्हणत होती पुरे. तिने डोळे मिटले आणि खरी किल्ली आठवायचा प्रयत्न केला. दर सुट्टीला टाचणी ती पितळी किल्ली पिवळ्या फडक्याने घासायची. फडकं पुढून मागे फिरवताना एका जागी नेहमी अडकायचं, दोरा निघायचा, आणि तो नखाने काढावा लागायचा. कुठे? तिने ओल्या बोटांनी हवेत फडकं फिरवून पाहिलं. एक, दोन, आणि तिथे. तिसऱ्या पायरीत. ती खाच एवढी खोल होती की दोरा आत जाऊन बसायचा. म्हणजे भीती चूक होती. हात बरोबर होता.

ती परत आली. पोरं पुन्हा ओळ धरणार, तर तिने बोट वर केलं आणि खोली शांत झाली. कानस सहा वेळा पुढे गेली. सातव्यांदा गेली. तिने फुंकर मारली, काजळी धरली नाही. किल्ली आत घातली आणि फिरवली.

ती फिरत गेली, लोण्यातून सुरी जावी तशी, आणि कुलपाने तोंड उघडलं.

 पहिला आवाज भोंग्याचा होता आणि तो, काका पुढे शपथेवर सांगत, शिखरापर्यंत गेला असणार. ढब्बूची बोटं पकडीवर आखडून बसली होती. ती सोडवायला दोघे लागले. टाचणीने झाकण उचललं, कोट बाजूला केला, डाव्या बुटातून रुमाल काढला आणि त्यातली पितळी किल्ली सगळ्यांना दाखवली. तेव्हा जे हसू उसळलं त्यात ती स्वतः सगळ्यात आधी होती. खारवलेले शेंगदाणे जेवणाआधीच संपले.

बाबा दुकान बंद न करता फोनशेजारीच बसून होते. पहिल्या घंटीला उचलला.

"उघडलं," ती म्हणाली.

पलीकडे श्वास सोडल्याचं ऐकू आलं. मग बाबांनी फक्त एवढं विचारलं की कुलपाला ओरखडा आला का.

"माझा नाही. काकांच्या हातोडीचा एक आहे."

बाबा हसायला लागले ते थांबेचनात. मागून आई काय झालं काय झालं विचारत होती आणि त्यांना सांगता येत नव्हतं.

त्या दिवशी जेवणानंतर टाचणीपुढे रांग लागली. कुणाच्या पिशवीची चेन अडकलेली, कुणाच्या डब्याचं झाकण बसलेलं. भोंग्याच्या पाण्याच्या बाटलीचं बूच महिनाभर निघत नव्हतं. त्याने ती गुपचूप पुढे केली.

"मालक कोण?" टाचणीने गंभीरपणे विचारलं.

"मी," भोंगा म्हणाला. तिने तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा तो खरंच जरा अडखळला, कारण बाटली मोठ्या भावाची होती. मग तिने ती न उघडताच त्याला परत दिली.

पहाटे पाचला रांग निघाली. बूट करकर वाजत होते, श्वासाची वाफ होत होती. धारेवर खरंच बर्फ होता, आणि काका प्रत्येकाच्या पायाखालची जागा काठीने दाखवत पुढे होते. दोनदा टाचणीला वाटलं आता पाऊल उचलणार नाही. दोन्ही वेळा मागून कुणीतरी हळूच म्हटलं, पुढे जोर. ऊन वर आलं तेव्हा दोघी माथ्यावर होत्या, ती आणि ढब्बू, हातात हात. घंटा तिच्या कल्पनेपेक्षा लहान होती आणि आवाज तिच्या कल्पनेपेक्षा मोठा. दोर ओढताना तिने घासलेली किल्ली मुठीत धरली होती. नाद निघाला, समोरच्या डोंगराला लागला, खाली उतरला, आणि खूप खालून, जिथे घरं काडेपेट्यांसारखी दिसत होती तिथून, तिच्याकडे परत आला. एवढ्या उंचीवर माणूस देवाकडे काही मागत नाही. नुसते आभार मानतो. टाचणीने मानले आणि दोर ढब्बूच्या हातात दिला.

तिसऱ्या दिवशी बस परतली. बाबांनी आईला हाताशी घेऊन पेटी उतरवली आणि दुकानात नेली. टाचणीने दोन किल्ल्या गल्ल्यावर ठेवल्या, एक पितळी, चकचकीत. एक काळपट, ओबडधोबड, कडेला कानशीचे चरे. बाबांनी काळपट उचलली. चष्मा कपाळावर नेला, किल्ली उजेडात धरली, सात पायऱ्यांवरून अंगठा फिरवला. तिसरीवर अंगठा थांबला. मग कुलपात घालून फिरवली. उघडलं. बंद केलं. पुन्हा उघडलं. असं त्यांनी चार वेळा केलं. आई दारात उभी राहून म्हणाली की आता मुलीला जेवू देताय की कुलपालाच वाढू? बाबांना ऐकूच गेलं नाही.

शेवटी ते उठले आणि दाराशी गेले. साखळीखालची पाटी काढली, धूळ झटकली आणि उलटी करून फळीवर ठेवली. कुलूप परत साखळीला नाही लावलं. ते आतल्या भिंतीवर, आजोबांच्या तसबिरीखाली खिळ्याला अडकवलं, आणि त्याच खिळ्याला दोन्ही किल्ल्या.

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. सकाळी एक बाई धापा टाकत दुकानात आल्या, हातात कपाटाचं लहानसं कुलूप, किल्ली हरवलेली. बाबांनी हातातलं काम खाली ठेवलं. मग उभे राहिले, आपलं स्टूल मागे सरकवलं आणि टाचणीकडे ढकललं. बाई एकदा त्यांच्याकडे आणि एकदा त्या बारीक पोरीकडे बघू लागल्या.

टाचणी स्टुलावर चढून बसली. पाय जमिनीला टेकत नव्हते. तिने कुलूप हातात घेतलं, बाईंकडे पाहिलं आणि विचारलं,

"मालक कोण?"